घड्याळाचा हात

३ मार्च, सोमवार

वॉशिंग मशीन चाळीस मिनिटं चालतं. तेवढ्यात लिहून होईल तेवढंच लिहायचं, असा माझा नियम आहे. म्हणजे रडगाणं लांबत नाही.

आज लॅबमध्ये बेकरीवाले आले होते. त्यांच्या मेंदूचा स्कॅन होऊन चार महिने झाले, तरी हा माणूस महिन्यातून एकदा डोकावतोच, आणि हात हलवत कधी येत नाही. आज गरम ब्रेड आणि एक जुनाट मोठं पाकीट घेऊन आले. ते बोलताना अडखळतात. ते अडखळणं मी इथे अक्षर तोडून लिहिणार नाही, चेष्टा केल्यासारखं होतं.

आमच्या अभ्यासात असे सव्वीस जण आहेत, आणि न अडखळणारे दुसरे सव्वीस. प्रत्येकाला त्या मोठ्या चुंबकाच्या नळीत झोपवायचं, समोरच्या आरशात एकेक शब्द दाखवायचा, त्यांनी तो मनातल्या मनात म्हणायचा, आणि तेव्हा मेंदूत रक्त कुठे जास्त धावतं ते मोजायचं. मेंदू काही लाल-पिवळा होत नसतो. रंग आम्ही मागाहून भरतो, हिशेब करून. अडखळणाऱ्यांपैकी अकरा जणांमध्ये बोलण्याचा रंग डावीकडे येण्याऐवजी उजवीकडे आला, आणि त्या दिवसापासून आमच्या पीएचडीवालीचे पाय जमिनीवर नाहीत. ती एवढीशी आहे आणि सारखी उड्या मारत असते, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणतात. एकवीस तारखेला तिचा शोधनिबंध मासिकाकडे जायचा आहे.

बेकरीवाले त्या अकरांतले एक. चिमणीने उत्साहाच्या भरात त्यांना चित्र दाखवलं, तेव्हापासून गल्ल्यावर शब्द अडकला की ते गिऱ्हाइकांना म्हणतात, "थांबा, उजवीकडून येतोय, लांबचा रस्ता आहे." गिऱ्हाईक हसतं आणि थांबतं. आधी कोणी थांबायचं नाही म्हणे, लोक त्यांचा शब्द स्वतःच पुरा करायचे आणि पैसे टाकून जायचे.

पाकिटात ते सहा वर्षांचे असतानाची डोक्याच्या सीटी स्कॅनची फिल्म आहे. आई झोका देत होती, हे पडले आणि डोक्याला मार लागला. त्यानंतर वर्षभरात अडखळणं सुरू झालं. आई अठ्ठावीस वर्षं स्वतःला बोल लावत होती. "आता ती शांत झोपते," म्हणाले. "मेंदूची घडणच वेगळी, झोक्याचा काय संबंध!" चिमणी वर्गावर गेली होती, म्हणून पाकीट मी माझ्या टेबलावर ठेवलं.

५ मार्च

पाकीट उघडलं नसतं तर बरं झालं असतं.

फिल्मच्या कोपऱ्यात डाव्या-उजव्याची अक्षरं छापलेली असतात. अगदी मागे, डोक्याच्या तळाशी मुगाएवढा डाग आहे, जुन्या माराचा. डाव्या बाजूला. मला सहज वाटलं, आपल्या चित्रात तो किती स्वच्छ दिसत असेल, बघू या. दिसला. उजव्या बाजूला.

फिल्म उलटी धरली, सुलटी धरली, खिडकीवर टेकवून पाहिली. डाग काही पायांनी चालत पलीकडे जात नाही.

मला लगेच कळलं. आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमना कळायला एक दिवस लागला असता, चिमणीला तीन. मला घोटभर चहा गिळायलाही वेळ लागला नाही, कारण कुठे बघायचं ते मला ठाऊक होतं. आमच्याकडे प्रत्येकाच्या उजव्या कानशिलावर तेलाची एक गोळी चिकटवतात, मेडिकलच्या दुकानात मिळते तीच. चित्रात ती पांढऱ्या ठिपक्यासारखी उठून दिसते. गोळी जिकडे, ती बाजू उजवी. मशीनच्या नव्या प्रोग्रॅमने एखादं चित्र आरशातल्यासारखं उलटं साठवलं असेल, तर चिमणीचा प्रोग्रॅम गोळी बघून ते सरळ करतो. तिच्या यादीत अशी "सरळ केलेली" चित्रं अकरा आहेत.

चित्रं सरळच होती. गोळी चुकीच्या बाजूला होती. गोळी चिकटवते मी.

फिल्म पाकिटात घातली आणि पाकीट माझ्या खणात, हातमोज्यांच्या डब्याखाली ठेवलं. चिमणीने विचारलं, "बेकरीवाले काही देऊन गेले का?" मी म्हटलं, "ब्रेड."

६ मार्च

कुठे ना कुठे लिहायलाच हवं, म्हणून लिहिते.

मला डावं-उजवं कळत नाही. सत्तेचाळीस वर्षांची घोडी झाले, तरी कळत नाही. लहानपणी मी डाव्या हाताने लिहायचे. पहिलीच्या बाईंनी पट्टीने तो हात सोडवला, आणि तेव्हापासून दोन्ही हात मला सारखेच परके आहेत. इतर लोक विचार न करता ओळखतात, मला गणित करावं लागतं. आठवीत कवायतीत संपूर्ण रांग एकीकडे वळली आणि मी दुसरीकडे, पाहुण्यांच्या समोर. त्या संध्याकाळी वडिलांनी स्वतःचं घड्याळ काढून माझ्या मनगटावर बांधलं आणि म्हणाले, "हा डावा. कोणाला सांगायची गरज नाही." मी आजतागायत कोणाला सांगितलेलं नाही. पट्टे बदलले, घड्याळं बदलली, हात तोच.

पहिली सव्वीस माणसं, न अडखळणारी, तेव्हा गोळी बाहेरच्या खोलीत लावायचे. हातात घड्याळ असायचं. मग ऑगस्टमध्ये एकीची गोळी चालता चालता निखळली आणि मॅडमनी नियम केला: गोळी आत, टेबलावर झोपवल्यावरच लावायची. आत चुंबक आहे. आत जाताना अंगावरचं सगळं धातूचं काढून ट्रेमध्ये ठेवायचं.

ट्रेमध्ये मी रोज माझा डावा हात काढून ठेवत होते.

सप्टेंबरपासून आले ते सगळे अडखळणारे. घाई, झोपलेला माणूस, मी कधी डोक्याशी उभी तर कधी पायांशी. निम्म्या वेळा बरोबर लागली असेल, तीही नशिबाने. त्यातून त्या बिचाऱ्यांचा मेंदू वेगळा निघाला. वेगळी मीच होते. जानेवारीपासून एकही चूक नाही, यादी तपासली. सवय झाली असणार.

नवऱ्याला हे कधी कळलं तर त्याला धक्काच बसेल. बावीस वर्षं मी त्याच्यापासून लपवलंय. गंमत म्हणजे त्यालाच रस्ता नीट सांगता येत नाही. मी गाडी चालवत असले की म्हणतो, "पुढे तुझ्या बाजूला वळ," "आता माझ्या बाजूला." डावं-उजवं हे शब्द त्याच्या तोंडातून मी कधी ऐकलेच नाहीत. चांगला इंजिनिअर माणूस, पण काही बाबतींत अगदीच हा.

११ मार्च

आज माझ्यासारखी भित्री मीच.

निबंधाच्या बैठकीत मॅडमनी विचारलं, "ही अकरा चित्रं उलटी का साठवली गेली? मासिकवाले विचारतील." चिमणी म्हणाली, झोपवताना माणसाची स्थिती मशीनमध्ये चुकीची भरली गेली असेल. मशीन चालवतात ते काका. तीस वर्षं हेच काम करतायत, मे महिन्यात निवृत्त होणार. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

काका म्हणाले, "असेल. वय झालं आता."

"तसं एका ओळीत लिहू. तुमची सही लागेल," मॅडम म्हणाल्या. त्या वाईट बोलल्या नाहीत. त्यामुळे जास्त वाईट वाटलं.

काकांनी चष्मा शोधला, सही केली. मी तिथेच होते. मी बिस्किटांचा डबा फिरवत होते. काकांच्या समोर दोनदा धरला. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "घेतलं मघाशी, बाई."

घरी येऊन गॅसची शेगडी घासली, नळ घासले, स्वच्छ असलेले डबे घासले. नवरा म्हणाला, "काय झालंय?" मी म्हटलं, "कुठे काय."

१४ मार्च

दुसऱ्या एका अभ्यासाचा स्कॅन होता. मी गोळी हातात घेतली तसे काका नेहमीप्रमाणे टेबलाच्या एका कडेला येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, माझ्या बाजूला." जानेवारीपासून हे त्यांचं नवीनच सुरू आहे. एरवी मला राग येतो, लहान मुलीसारखं काय सांगायचं? आज रागही आला नाही. त्यांच्याकडे मान वर करून बघवेना. गोळी लावली, पट्टी दाबली, ब्लँकेट घातलं आणि बाहेर आले.

मनात रोज एकेक वकील उभा राहतो. पहिला म्हणतो, निबंधात एवढी आकडेमोड आहे, कोणाचं काय अडतंय! दुसरा म्हणतो, काका तसेही निवृत्तच होणार. तिसरा म्हणतो, बेकरीवाल्यांची आई शांत झोपते आहे, तिची झोप कशाला मोडतेस? हा तिसरा फार गोड बोलतो. ऐकता ऐकता वाटायला लागतं की मी तोंड मिटून बसलेय ते दयाळू आहे म्हणूनच.

खणातलं पाकीट मात्र काही बोलत नाही. ते हातमोज्यांच्या डब्याखाली तसंच आहे, मी रोज पाहते.

१८ मार्च

दुपारी लॅबचा फोन वाजला. बेकरीवाल्यांची आई. मुलाने नंबर लावून दिला होता.

"तुम्हीच का हो त्या, त्याला पांघरूण घातलंत त्या ताई?" मी हो म्हटलं. "तो सांगत होता, आत भीती वाटत होती, तर तुम्ही पाय चेपल्यासारखे केलेत. तुमचे फार उपकार आहेत बघा. मी अठ्ठावीस वर्षं झोका विसरले नव्हते. बागेच्या रस्त्याने जात नव्हते मी. आता जाते."

मी म्हटलं, "मी काही केलं नाही हो." आयुष्यात इतकं खोटं नम्रतेच्या आवाजात कधी बोलले नव्हते.

फोन ठेवून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले. बाई जाते बागेच्या रस्त्याने, आणि तो रस्ता मी तिला चुकून दाखवलाय. मलाच रस्ता कळत नाही.

२० मार्च

सांगितलं.

सकाळी मॅडमच्या खोलीत गेले, पाकीट टेबलावर ठेवलं आणि उभ्यानेच सगळं बोलले. मध्ये थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं. गोळी, ट्रे, घड्याळ, कवायत, सगळं. कवायत कशाला सांगितली कोण जाणे. मॅडमनी फिल्म उजेडाला धरली, मग संगणकावर चित्र उघडलं. बराच वेळ बघत होत्या.

"तुम्हाला कधी कळलं हे?"

"पाच तारखेला."

"आज वीस आहे," त्या म्हणाल्या. बस्स. आरडाओरडा केला असता, कामावरून काढते म्हणाल्या असत्या, तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. चूक त्यांनी विचारलीच नाही. पंधरा दिवस तेवढे विचारले. धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

त्यांनी काकांचा सहीचा कागद फाडला आणि मला म्हणाल्या, "त्यांना तुम्ही सांगा. चिमणीलाही तुम्हीच."

काका केबल गुंडाळत होते. ऐकून घेतलं. गुंडाळायचं थांबले नाहीत. मग म्हणाले, "डिसेंबरच्या शेवटी एकदा मला दिसलं होतं, गोळी पलीकडे लागली होती. वाटलं, एखाद्या वेळी होतं माणसाचं. बोललो असतो तर तुम्हाला सगळ्यांदेखत कानकोंडं झालं असतं. म्हणून तिथे उभा राहायला लागलो." पुढे म्हणाले, "आधीचं तपासायला हवं होतं, ते नाही सुचलं. म्हणून सही केली. सगळीच चूक काही तुमची नव्हती."

"माझ्या बाजूला" म्हणजे काय, ते मला आज कळलं. आणि मी त्यांच्यावर चिडत होते.

चिमणी रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "साधा सुती दोरा बांधला असतात मनगटाला तरी चाललं असतं." खरंच चाललं असतं. मला सुचलाही होता, सप्टेंबरातच. पण दोरा बांधला की लोक विचारतात, हा कशाला. घड्याळाला कोणी विचारत नाही. हे तिला सांगू शकले नाही. ती गेली, अर्ध्या तासाने परत आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तारखांप्रमाणे यादी द्या."

नवऱ्याला अजून सांगायचंय. एका दिवसात एवढे धक्के पुरेत.

२४ मार्च

चिमणीने अकरा चित्रं परत फिरवून सगळा हिशेब नव्याने केला. मी मागे उभी होते, तिने जा म्हटलं नाही. पडद्यावर रंग आले. सव्वीसच्या सव्वीस जणांचे डावीकडे, इतरांसारखेच. एवढं सरळ चित्र आलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायचा मला हक्क आहे का, हेही कळेना.

"दोन वर्षं," चिमणी म्हणाली. पडद्याला म्हणाली, मला नाही. मग प्रोग्रॅम बंद केला आणि डबा न उघडताच घरी गेली. तिला आणखी एक वर्ष तरी लागेल. परगावची एक नोकरी तिची वाट बघत होती, ती आता बघणार नाही.

चित्र बरोबर असेल, पण खात्री हवी. अकराही जणांना पुन्हा बोलवायचं ठरलं. मॅडम म्हणाल्या, "गोळी तुम्हीच लावायची. वेळ घेऊन. आणि दुसऱ्याने तपासून सही करायची, प्रत्येक वेळी." मला वाटलं होतं, हे काम काढून घेतील. काढून घेतलं असतं तर सोपं गेलं असतं.

२ एप्रिल

मॅडम फोन करणार होत्या. मी म्हटलं, बेकरीत मी जाते.

नवरा बरोबर आला, मी गाडी चालवली. "बँकेपाशी तुझ्या बाजूला, मग शाळेच्या भिंतीला धरून." तो गाडीतच बसून राहिला.

दुपारची मंदीची वेळ होती. बेकरीवाल्यांनी मला स्टूल दिलं, मी बसले नाही. सांगितलं. तुमच्या मेंदूत वेगळं काही नाही. मी गोळी चुकीच्या बाजूला लावली. चित्र माझ्यामुळे उलटं झालं.

त्यांनी हातातलं फडकं घडी केलं. परत उलगडलं, परत घडी केलं.

"म्हणजे मी इतरांसारखाच."

"हो."

"मग अडकतं का?"

"आम्हाला माहीत नाही." हे वाक्य बोलायला सगळ्यांत जड गेलं. "मॅडमनी एक खात्रीने सांगायला सांगितलंय. तो जुना डाग अगदी मागे आहे, नजरेच्या भागापाशी. डावीकडे असो, उजवीकडे असो, बोलण्याच्या भागापासून लांब आहे. झोक्यामुळे हे झालं असं त्यातून निघत नाही. आईंना तेवढं तरी सांगा."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं शब्द अडकलाय, म्हणून वाट पाहिली. शब्द अडकला नव्हता. ते रागावले होते.

"चार महिने मी लोकांना थांबवत होतो," ते म्हणाले. "लांबचा रस्ता आहे म्हणून. आता काय सांगू? रस्ता सगळ्यांचाच आहे, मीच हळू आहे?" मग म्हणाले, "तुम्हाला डावं-उजवं कळत नाही हे कोणाला माहीत होतं?"

"कोणालाच नाही."

"मजा आहे तुमची. लपवता येतं." हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नाही. म्हणूनच ते अजून कानात आहे. "माझं तोंड उघडलं की झालं."

निघताना मी ब्रेड मागितला. त्यांनी दिला, पैसे घेतले. याआधी कधी घेतले नव्हते.

गाडीत नवऱ्याने माझ्या मनगटावरचं सैल झालेलं घड्याळ एक भोक पुढे घट्ट केलं. त्याला असली बारीक बारीक कामं करायची सवय आहे.

१७ एप्रिल

अकरापैकी सात जण यायला तयार झाले. आज पहिला नंबर बेकरीवाल्यांचा. येतील असं वाटलं नव्हतं. ब्रेड आणला नव्हता, पण आले.

सकाळी माझ्या टेबलावर एक पांढरी सुती नाडी होती. कोणी ठेवली ते चिमणीच्या मानेवरून कळलं. तिने मान वळवलीच नाही. अजून ती कामापुरतंच बोलते. घड्याळ ट्रेमध्ये टाकलं, त्याच हाताला नाडी बांधली आणि आत गेले.

बेकरीवाले टेबलावर झोपले होते. त्यांनी विचारलं, "हे कशाला?"

"हा माझा डावा," मी म्हटलं. "नाडी नसली की विसरते."

काका सवयीने टेबलाच्या त्या कडेला यायला लागले. मी त्यांना म्हटलं, "काका, आज तिथे नका उभे राहू. मागाहून तपासा." ते हो म्हणाले आणि काचेपलीकडे गेले. पुढच्या महिन्यानंतर ते इथे नसतील.

गोळी बोटांत धरून मी उभी. माझा डावा हा. मी त्यांच्या पायांकडे तोंड केलं, म्हणजे ते झोपलेत तशी झाले, तर त्यांचा डावा माझ्या डाव्याकडे. पण मी परत वळले की सगळं पालटतं. लोकांना हे चुटकीसरशी कळतं. मला कपाळावर घाम आला. बेकरीवाल्यांनी उजवा हात उचलायला सुरुवात केली, मला दाखवण्यासाठी.

"नको, मला करू द्या," मी म्हटलं. "वेळ लागतो मला. थांबाल का थोडं?"

सुरुवातीला म्हटलं होतं, त्यांचं अडखळणं मी लिहिणार नाही. हे एक लिहिते, कारण ते तसंच होतं आणि त्यांनी मुळीच घाई केली नाही.

"थ... थ... थांबतो," ते म्हणाले, आणि हात खाली ठेवला.

मीही थांबले. मग गोळी लावली. काकांनी आत येऊन पाहिलं आणि कागदावर सही केली.